डॉक्टर म्हणतात 'मी असं सांगितलंच नव्हतं', आता नर्सिंग शीट नव्याने लिहून द्यायची का?

एका सिस्टरचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातलं खासगी हॉस्पिटल, रात्रपाळी. फिजिशियननी फोनवर "दोन केसीएल घाला" म्हणून सांगितलं (केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, सलाइनमध्ये मिसळून द्यायचं). तिने पाचशे मिलीच्या एकाच पाइंटमध्ये, म्हणजे सलाइनच्या बाटलीत, दोन्ही अँप्युल घातले. पेशंटचा हात जळायला लागला म्हणून ड्रिप थांबवली, पेशंट आता बरा आहे. सकाळी डॉक्टरांनी हात वर केले. वॉर्डची इनचार्ज सिस्टर म्हणते, जुनी शीट काढून टाक, नवी लिही. लिहू का, आणि नोकरी राहील का?

नवी शीट लिहायची नाही. इनचार्जने सांगितलं तरी नाही, मॅट्रनने (हॉस्पिटलच्या मुख्य सिस्टरने) सांगितलं तरी नाही. चुकलेली नोंद एका रेघेने खोडायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही, तारीख, वेळ. काही लिहायचं राहिलं असेल तर आत्ताची वेळ टाकून 'उशिरा केलेली नोंद' असं लिहायचं आणि पुढे ती गोष्ट किती वाजता घडली ते. व्हाइटनर तर वॉर्डात असूच नये. नातेवाइकांनी मागितले तर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत ते आहे. आणि तुम्ही कितीही सफाईने नवी शीट लिहा, मेडिकलचं बिल आणि हँडओव्हरची वही तिच्याशी जुळणार नाही. बिलात दोन अँप्युल, शीटवर एक. मग मूळ चूक राहते बाजूला, आणि सिस्टरने खोटा कागद केला एवढंच उरतं.

आता, डॉक्टर खोटं बोलतायत का? मला नाही तसं वाटत. "दोन केसीएल" ही मुळात ऑर्डरच नाही. त्यांच्या डोक्यात बहुधा दोन पाइंट, प्रत्येकात एकेक, असं होतं. तुमच्या कानावर दोन्ही एकात असं आलं. दोघांचंही खरं, आणि हात जळाला पेशंटचा.

हिशोब बघा. आपल्याकडचा अँप्युल १० मिलीचा, १५ टक्क्यांचा, म्हणजे दीड ग्रॅम, म्हणजे २० एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, पोटॅशियम मोजायचं एकक). पाचशेच्या पाइंटमध्ये एक घातला की लिटरला ४० एमईक्यू होतात. हातातल्या शिरेतून द्यायला ही वरची मर्यादा धरतात. दोन घातले की ८०, आणि तेवढं हातातली शीर सोसत नाही. वेगाचंही तसंच: साध्या वॉर्डात, मॉनिटर नसताना, तासाला १० एमईक्यूच्या वर जायचं नाही. एक अँप्युलचा पाइंट दोन तासांच्या आत संपता कामा नये, आणि चार तासांवर लावला तर उत्तमच. मिलीला वीस थेंबांच्या सेटवर ते मिनिटाला साधारण ४२ थेंब होतात. पण आपल्याकडे थेंब लावून सिस्टर वळली की नातेवाईक चक्री सैल करतात, "लवकर संपू दे, बाथरूमला जायचंय." म्हणून केसीएल पंपावरच, म्हणजे ठरलेल्या वेगाने ड्रिप सोडणाऱ्या यंत्रावर. पंप नसेल तर बाटलीला वेळेची पट्टी चिकटवा आणि नातेवाइकांना दम देऊन ठेवा.

घालण्याची पद्धत तर बहुतेक ठिकाणी चुकीचीच बघायला मिळते. टांगलेल्या बाटलीत वरून सुई खुपसून केसीएल सोडतात. ते जड असतं, खाली तोंडाशी जाऊन बसतं, आणि पहिल्या काही मिनिटांत पेशंटला घट्ट केसीएल जातं. बाटली खाली काढायची, औषध घालायचं, आठदहा वेळा उलटीसुलटी करायची, मग टांगायची. लेबलवर किती एमईक्यू, किती वाजता, कोणी घातलं. त्याआधी शेवटचं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) बघायचं, लघवी तासाला तीसएक मिली तरी होतेय ना ते बघायचं. लघवी नाही तर केसीएल नाही, आधी डॉक्टरांना विचारा. आणि तो अँप्युल डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये कधीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितलंय की असली घट्ट औषधं शक्यतो वॉर्डात ठेवूच नका.

सोलापुरात अजून एक गोष्ट. पूर्व भागातली आजी "मंट, मंट" म्हणते, अक्कलकोटकडचे आजोबा "उरि" म्हणतात. पहिलं तेलुगू, दुसरं कानडी, अर्थ एकच: आग होतेय. मराठीत 'दुखतंय' म्हणायची वाट बघत बसाल तर शीर गेलेली असेल. हे दोन शब्द नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवा.

फोनवरची ऑर्डर घ्यायची तर फोन कानाला असतानाच लिहायची, ठेवल्यावर नाही. पेशंटचं नाव आणि आयपी नंबर (भरतीचा नंबर), औषध, एमईक्यूमध्ये मात्रा, कशात, किती तासांत. मग सगळं परत वाचून दाखवायचं, आकडे सुटे करून: "वन फाइव्ह, फिफ्टीन". फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं. शक्य असेल तर स्पीकर लावून दुसऱ्या सिस्टरला किंवा आरएमओंना (हॉस्पिटलमधल्या ड्युटी डॉक्टरांना) ऐकवायचं आणि त्यांचीही सही घ्यायची. डॉक्टरांची सही २४ तासांत, बहुतेक हॉस्पिटलांच्या स्वतःच्या लेखी नियमातच ते असतं. केसीएल, हेपॅरिन, इन्सुलिनची ड्रिप, रक्त, हे फोनवर घ्यायचंच नाही असं माझं मत आहे. आरएमओंनी येऊन लिहावं. कोड चालू असेल, म्हणजे हृदय थांबलेल्या पेशंटला वाचवायची धावपळ, तर गोष्ट वेगळी, तिथे तोंडी ऑर्डर मोठ्याने परत म्हणायची आणि लगेच द्यायची.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "सिस्टरने उलट विचारायचं नसतं, सर चिडतात." चिडू देत. हे वाक्य मी इतक्या सीनियर सिस्टरांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्याच सिस्टर चौकशी लागली की म्हणतात, "विचारायला काय झालं होतं तिला?" रात्री दोन वाजता "सर, एका पाइंटमध्ये की दोन?" विचारायला दहा सेकंद लागतात. मान देणं आणि अर्धी ऑर्डर गिळणं यात फरक आहे. डॉक्टरांना तो कळत नसेल तर कळवायचं काम इनचार्जचं, शीट फाडायला लावायचं नाही. तुमच्या इनचार्जला हे वाचून दाखवलंत तरी चालेल.

नोकरीचं मी सांगू शकत नाही, ते तुमच्या मालकांवर आहे. पण नोकरी सोलापुरात दुसरी मिळते, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दुसरं मिळत नाही. इन्सिडंट फॉर्म (घडलेल्या प्रकाराची हॉस्पिटलकडे द्यायची नोंद) आजच भरा: वेळा, मात्रा, तुम्ही काय ऐकलं, काय केलं, कोणाला कळवलं. कोणाची चूक हे त्यात लिहू नका. पेशंटला काय झालं आणि काय केलं ते मात्र नर्सिंग नोट्समध्येही हवं. केस पेपरचे फोटो काढून घरी नेऊ नका, तो पेशंटचा कागद आहे. शीट आधीच बदलली असेल तर तिसरी लिहू नका, मॅट्रनकडे जाऊन लेखी सांगा. आणि हो, दोन अँप्युल एका पाइंटमध्ये घालताना थांबायला हवं होतं, ती चूक तुमचीच. फॉर्ममध्ये दोष कोणाचा ते नको, पण दोन्ही एकात घातले हे तसंच लिहा.

ड्रिप थांबवल्यावर ईसीजी आणि पोटॅशियम झालं का ते प्रश्नात नाही. झालं नसेल तर आत्ता आरएमओंना सांगा. जळालेल्या हातातली कॅन्युला (शिरेतली नळी) अजून तशीच असेल तर आधी ती काढा, दुसऱ्या हाताला नवी लावा, आणि दोन दिवस जळालेल्या हाताची शीर बघत राहा: लाल रेघ, कडकपणा, सूज.