चिठ्ठीवर अँटिबायोटिक कसे येते?

मागील अंकात या सदरात सर्दी, घसादुखी आणि खोकल्याच्या बहुतेक दुखण्यांमागे विषाणू असतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही, असे लिहिले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख औषधापेक्षा ते लिहून देणाऱ्या माणसाकडे आहे. पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : विषाणूंवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, हे आम्हाला मासिक वाचून कळते, मग डॉक्टरांना ते कळत नाही काय? साध्या सर्दीलाही ते का लिहून देतात? (एक निवृत्त शिक्षिका)

कळते, चांगलेच कळते. ज्ञान कमी पडते म्हणून अनावश्यक अँटिबायोटिक दिले जाते, असे असते तर एक व्याख्यान ठेवून प्रश्न सुटला असता. अडचण अशी की, चिठ्ठी लिहिताना डॉक्टर फक्त जंतूंचा विचार करत नाही. समोर बसलेल्या माणसाला काय हवे आहे याचाही तो अंदाज बांधतो आणि हा अंदाज पुष्कळदा चुकतो.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात लहान मुलांना दाखवायला आणलेल्या पालकांना, तपासणीपूर्वीच, त्यांची अपेक्षा काय आहे ते विचारून ठेवले होते. तपासणीनंतर डॉक्टरांना ‘या पालकांना काय हवे होते असे तुम्हाला वाटले?’ असे विचारले. दुखणे विषाणूजन्य आहे असे डॉक्टरांचे स्वतःचेच निदान असतानाही, पालकांना अँटिबायोटिक हवे आहे असे जेथे त्यांना वाटले तेथे त्यांनी ६२ टक्के वेळा ते दिले, आणि तसे वाटले नाही तेथे फक्त ७ टक्के वेळा. पालकांनी आधी सांगितलेल्या खऱ्या अपेक्षेचा मात्र चिठ्ठीशी संबंध आढळला नाही. पालकांचे समाधानही अँटिबायोटिक मिळाले की नाही यावर अवलंबून नव्हते. डॉक्टर आपल्याशी कसे बोलले, यावर होते. म्हणजे जी मागणी कोणी केलीच नव्हती, ती पुरवली जात होती.

हा गैरसमज कसा होतो, ते माझ्याच एका फजितीवरून सांगतो. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. दोन दिवसांचा ताप, वाहणारे नाक, घसा लाल पण स्वच्छ. मी तपासत असताना ते म्हणाले, ‘‘डॉक्टर, परवा याची परीक्षा आहे. काही स्ट्राँग वगैरे...’’ आणि थांबले. मी ‘स्ट्राँग’ एवढेच ऐकले, उरलेले वाक्य मनातल्या मनात पूर्ण केले आणि चिठ्ठीवर अॅमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक लिहिले. दाराशी पोचल्यावर ते वळून म्हणाले, ‘‘म्हणजे द्यावंच लागतंय का? मागच्या वेळी यानं पोट बिघडलं होतं, म्हणून म्हणत होतो, काही स्ट्राँग नको.’’ मी चिठ्ठी परत मागून घेतली आणि ती ओळ खोडली. ते परत वळले नसते, तर ‘हल्ली पालकच मागतात’ अशी तक्रार मी संध्याकाळी कोणाजवळ तरी नक्की केली असती.

दवाखान्यातील संभाषणे ध्वनिमुद्रित करून त्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी यातला एक बारकावा दाखवून दिला आहे. पालकांनी ‘खोकला आहे, रात्री ताप येतो’ अशी लक्षणे सांगितली, तर डॉक्टर ती माहिती म्हणून ऐकतात. पण ‘याला पुन्हा टॉन्सिल झालेत वाटतं’ असे निदानच सांगितले किंवा ‘एवढ्यावर भागेल का?’ असे विचारले, तर ते दबाव म्हणून ऐकतात. विचारणाऱ्याच्या मनात केवळ काळजी असते.

दुसरे कारण भीतीचे आहे. अँटिबायोटिक दिले नाही आणि शंभरातील एखाद्याला पुढे न्यूमोनिया झाला, तर तो रोगी, त्याचे नातेवाईक आणि ‘तुम्ही वेळीच औषध दिले नाही’ हे वाक्य डॉक्टरच्या मनातून वर्षानुवर्षे जात नाही. उलट उरलेल्या नव्याण्णव जणांना ते विनाकारण दिले, तर त्यांचे जुलाब, अंगावरचे पुरळ किंवा पुढे औषधाला दाद न देणारे जंतू यांचा हिशेब त्या टेबलावर कधी येतच नाही. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट झाले असा अंदाज आहे. पण त्यांतला एकही मृत्यू कोणत्या एका चिठ्ठीकडे बोट दाखवून सांगता येत नाही. पुढे होऊ शकणाऱ्या पश्चात्तापाचे हे ओझे निर्णयावर कसा परिणाम करते, याची मांडणी अल्व्हान फाइनस्टाइन या अमेरिकी वैद्यकाने १९८५ मध्येच केली होती.

आणि वेळ. ‘हे विषाणूचे दुखणे आहे, इतके दिवस चालेल, अमुक झाले तर लगेच या’ हे नीट समजावून सांगायला काही मिनिटे लागतात. औषधाचे नाव लिहायला काही सेकंद. बाहेर रांग असली, की हाताला कोणती वाट सोपी वाटते हे सांगायला नको.

प्रश्न : एवढे मानसशास्त्र कशाला? औषध खपले की पैसे मिळतात, हे सरळ कारण आहे. (एक वाचक)

जेथे औषध विकण्यातून लिहिणाऱ्याला उत्पन्न मिळते, तेथे तुमचे म्हणणे खरे आहे. चीनमध्ये संशोधकांनी प्रशिक्षित बनावट रुग्णांना किरकोळ सर्दीच्या एकसारख्या तक्रारी देऊन डॉक्टरांकडे पाठवले होते. औषध आपण दुसरीकडून विकत घेणार आहोत असे ज्यांनी सुचवले, त्यांना अँटिबायोटिक बरेच कमी वेळा लिहून दिले गेले. अशाच आणखी एका प्रयोगात काही रुग्णांनी ‘साध्या सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही, असे वाचले आहे’ एवढेच बोलून दाखवले आणि त्यानेही प्रमाण घटले. परंतु इंग्लंडमधील ज्या फॅमिली डॉक्टरांना औषधाच्या विक्रीतून काही मिळत नाही, त्यांच्याही चिठ्ठ्यांवर अनावश्यक अँटिबायोटिके आढळतात. पैसा हे कारण आहे. एकमेव कारण मात्र नाही.

प्रश्न : मी एका मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे. सरांनी सुरू केलेले अँटिबायोटिक आता बंद करायला हवे, असे राउंडला दिसते. पण बोलवत नाही. यावर काही उपाय? (नाव न छापण्याची विनंती)

आपले पत्र वाचताना माझे स्वतःचे निवासी डॉक्टरकीचे दिवस आठवले. पाचव्या दिवशी रुग्णाचा ताप उतरलेला, रक्ताचा कल्चर रिपोर्ट (रक्तात जंतू वाढतात का, याची तपासणी) निगेटिव्ह, आणि तरीही रोज सकाळी केसपेपरवर मी ‘पूर्वीप्रमाणे चालू’ असे लिहीत होतो. ते दोन शब्द माझे नव्हते, पण अक्षर माझे होते.

या संकोचाचा अभ्यास झालेला आहे. लंडनमधील रुग्णालयांतील डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्या मुलाखतींवर आधारलेला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याला अँटिबायोटिक लिहिण्याचा ‘शिष्टाचार’ म्हणतो. लेखी मार्गदर्शिका काहीही सांगो, दुसऱ्याच्या चिठ्ठीत ढवळाढवळ करायची नाही, हा त्यातला पहिला अलिखित नियम. आणि वरिष्ठांचा अनुभव मार्गदर्शिकेच्या वर मानायचा, हा दुसरा. कनिष्ठ डॉक्टर मार्गदर्शिका वाचून नव्हे, तर ‘आपल्या युनिटमध्ये काय देतात’ ते पाहून लिहायला शिकतात. शस्त्रक्रियेच्या वेळचे उदाहरण घ्या : जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दिलेले अँटिबायोटिक शस्त्रक्रिया संपल्यावर चालू ठेवू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ पासूनची शिफारस आहे, तरी अनेक ठिकाणी ते काही दिवस चालूच राहते, कारण तेथे ते नेहमीच चालू राहत आले आहे.

उपाय म्हणून ‘धीर धरून बोला’ एवढेच सांगणे मला अन्यायाचे वाटते. ज्याचे पुढचे शिक्षण सरांच्या हातात आहे, त्याने धीर कोठून आणायचा? प्रश्न माणसाऐवजी कागदाने विचारावा, ही व्यवस्था अधिक कामाची आहे. अँटिबायोटिक सुरू केल्यापासून ४८ ते ७२ तासांनी फेरविचार व्हावा आणि बंद करायचे, तोंडावाटे द्यायचे, बदलायचे की चालू ठेवायचे यांपैकी एक निर्णय कारणासह नोंदवला जावा, अशी पद्धत इंग्लंडमधील रुग्णालयांत २०११ पासून सांगितली गेली आहे. असा रकाना केसपेपरवर छापलेला असेल, तर ‘सर, तिसरा दिवस आहे, येथे काय लिहू?’ एवढेच विचारावे लागते. त्यात सरांची चूक काढल्यासारखे होत नाही, आणि सरांनाही स्वतःचाच निर्णय बदलल्याचा कमीपणा वाटत नाही. आपल्या विभागात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ किंवा औषधनिर्माते राउंडला येत असतील, तर त्यांच्यामार्फत विचारणेही सोयीचे पडते.

प्रश्न : डॉक्टरांची सवय बदलण्यासाठी प्रशिक्षण शिबिरे घेतली जातात. त्यांचा उपयोग होतो का? (रुग्णालयाच्या व्यवस्थापनात काम करणारे एक वाचक)

नुसत्या व्याख्यानांचा उपयोग थोडा होतो आणि लवकर ओसरतो. सवयीवर मात करायची, तर लिहिण्याच्या क्षणी काहीतरी आडवे यावे लागते.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, लॉस एंजेलिसमधील एका लहानशा प्रयोगात तपासणीच्या खोलीत एक पत्र लावले होते : ‘गरज नसताना आम्ही अँटिबायोटिक देणार नाही’ अशा आशयाचे, डॉक्टरच्या फोटोसह आणि सहीसह. जेथे पत्र नव्हते त्यांच्या तुलनेत, तेथील अनावश्यक अँटिबायोटिकांचे प्रमाण जवळपास २० टक्के-बिंदूंनी (म्हणजे शंभरांत सुमारे वीसने) कमी झाले. चौदाच डॉक्टर होते, तेव्हा या आकड्यावर फार भार टाकू नये. पण स्वतःच्या सहीखाली बसून उलट वागणे जड जाते, एवढे त्यातून दिसते.

इंग्लंडमध्ये सर्वाधिक अँटिबायोटिके लिहिणाऱ्या वीस टक्के दवाखान्यांपैकी निम्म्यांना देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांच्या सहीचे पत्र गेले : ‘तुमच्या भागातील ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिके लिहितात.’ २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांत अँटिबायोटिकच्या सुमारे ७३ हजार चिठ्ठ्या कमी लिहिल्या गेल्या. घट टक्केवारीत पाहिली तर ३.३ टक्केच, खर्च मात्र एका पत्राचा.

त्याच वर्षी बॉस्टन आणि लॉस एंजेलिस येथील ४७ दवाखान्यांतील प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथे एका गटात गरज नसताना अँटिबायोटिक लिहिले, की संगणक कारण विचारी आणि ते कारण रुग्णाच्या नोंदीत राही. या गटात अनावश्यक अँटिबायोटिकांचे प्रमाण २३.२ वरून ५.२ टक्क्यांवर आले. दुसऱ्या गटाला दर महिन्याला ईमेलने ‘तुम्ही उत्तम कामगिरी करणाऱ्यांत आहात’ किंवा ‘नाही’ असे कळवले जाई. तेथे ते १९.९ वरून ३.७ वर उतरले. आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की, यांपैकी काहीच न केलेल्या गटातही ते २४.१ वरून १३.१ टक्क्यांवर आले. आपल्याकडे कोणी पाहत आहे एवढ्यानेही माणूस जपून लिहितो. प्रयोग थांबवल्यावर कारण विचारणारा संगणक गप्प झाला आणि त्या गटाचा आलेख पुन्हा वर सरकला. सहकाऱ्यांशी तुलनेचा परिणाम तुलनेने अधिक टिकला. तेव्हा शिबिराचा खर्च वाचवून ती महिन्याची ईमेल सुरू करा, असे मी सुचवीन. फक्त नावे फलकावर लावू नका.

प्रश्न : थकलेले डॉक्टर अधिक अँटिबायोटिके देतात, असे ऐकले. मग सकाळची वेळ घ्यावी का? (एक वाचक)

ऐकलेले खरे आहे. २०१४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात श्वसनमार्गाच्या दुखण्यांसाठी झालेल्या सुमारे २२ हजार भेटी तपासल्या, तेव्हा पहिल्या तासाच्या तुलनेत चौथ्या तासाला अँटिबायोटिक लिहिले जाण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर (पहिल्या तासाला १ धरून) १.२६ आले. दुपारच्या सत्रातही मोजणी पहिल्या तासापासून नव्याने सुरू होते, म्हणून सकाळच हवी असे नाही.

वेळेपेक्षा तुमचे बोलणे अधिक उपयोगी पडेल. लक्षणे सांगा, निदान सांगू नका, आणि मनात असेल ते पूर्ण वाक्यात बोला : ‘गरज नसेल तर अँटिबायोटिक नको, पण किती दिवस वाट पाहायची आणि काय झाले तर परत यायचे, ते सांगा.’ ‘किती दिवस’ हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. साध्या ब्राँकायटिसचा (श्वासनलिकांच्या सुजेचा) खोकला सरासरी १८ दिवस चालतो, तर लोकांची समजूत सात ते नऊ दिवसांची असते. त्यामुळे दहाव्या दिवशी, खोकला आपल्या वेळेने बरा होत असतानाच, माणूस दुसरा डॉक्टर गाठतो, अँटिबायोटिक घेतो आणि बरे होण्याचे श्रेय त्याला देतो. पुढच्या खोकल्याला तो तेच नाव घेऊन येतो. धाप लागणे, छातीत दुखणे, ग्लानी येणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांत मात्र वाट पाहू नये.

एक मधला मार्गही आहे. डॉक्टर अँटिबायोटिकची चिठ्ठी देतात, पण ‘अमुक दिवसांत उतार पडला नाही, तरच औषध आणा’ असे तिच्यावर लिहून. अशा चिठ्ठ्यांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता, लगेच औषध दिलेल्यांपैकी ९३ टक्के लोकांनी अँटिबायोटिक घेतले, तर अशी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी ३१ टक्के लोकांनीच. बाकीच्यांनी ती घरी नेऊन ठेवली आणि बहुधा तेथेच विसरले.