प्रकल्पाच्या मीटिंगमध्ये सगळे 'हो' म्हणतात, तरी काम पुढे सरकत नाही. मीटिंग कशी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, जुने माग काढून रॅपियर माग (धोट्याशिवाय चालणारे आधुनिक माग) बसवायचं काम चालू आहे. दर सोमवारी 8 जण 2 तास बसतात, मीटिंग तुम्ही चालवता, आणि पुढच्या सोमवारी तेच विषय पुन्हा निघतात.

8 जणांचे 2 तास म्हणजे 16 तास, आठ तासांच्या पुऱ्या दोन पाळ्या. वेळ कमी करायलाच हवा, पण मला विचाराल तर तुमचा खरा घोळ 'झालं' या शब्दात आहे.

सिव्हिलचा ठेकेदार "पाया झाला" म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात काँक्रीट ओतून झालेलं असतं. जॉबरला, म्हणजे माग लावून त्यांची देखभाल करणाऱ्याला, ऐकू येतं की उद्या माग ठेवता येईल. मधे पाणी मारणं आहे, लेव्हल तपासणं आहे. काँक्रीटची पूर्ण ताकद 28 दिवसांनी धरतात. त्याआधी भार टाकायचा तर किती, हे ठेकेदाराकडून वदवून घ्यायला हवं. इलेक्ट्रिशियनचं "वायरिंग झालं" याच जातीचं. त्याने केबल ओढलेली असते, अर्थिंग मोजलेलं नसतं. कुणीच खोटं बोलत नाही, म्हणून तर कुणाला पकडताही येत नाही.

यावर उपाय एक रकान्याचा आहे. कामाच्या तक्त्यात काम, नाव, तारीख हे तीन रकाने सगळेच आखतात. चौथा आखा: 'झालं म्हणजे काय'. उदाहरणार्थ, "माग 1 ते 4 चा पाया, सिव्हिल ठेकेदार, शुक्रवार 12 तारीख, जॉबरसमोर लेव्हल तपासून आकडा वहीत लिहिला." नाव एकच लिहायचं. 'इलेक्ट्रिकल आणि सिव्हिल' असं लिहिलंत की ते काम कुणाचंच राहत नाही. आणि दुसऱ्याच्या हातातली गोष्ट काम म्हणून लिहू नका. 'महावितरणची वाढीव लोडची मंजुरी येणे' हे काम नव्हे. 'गुरुवारी कार्यालयात जाऊन कोणता कागद अडलाय ते विचारणे' हे काम.

आता 'हो'बद्दल. आपल्याकडे एका टेबलावर मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही असतात आणि मीटिंग मराठीत चालते. "समजलं का?" असं विचारलं की मान हलतेच. तो प्रश्न विचारूच नका. "तुम्ही उद्या सकाळी पहिलं काय करणार?" असं विचारा आणि समोरच्याला त्याच्या भाषेत सांगू द्या. तेलुगूत बोलला तर बोलू दे, शेजारचा मराठीत सांगेल. दोन मिनिटं जास्त जातील, पण गैरसमज तिथल्या तिथे उघडा पडेल. "बघतो", "करून टाकू", "होऊन जाईल" ही उत्तरं तक्त्यात चढवायची नाहीत. तारीख सांगता येत नसेल, तर "तारीख कधी सांगाल?" याची तारीख घ्या.

मालकांना शेवटी बोलायला सांगा. हे मीटिंगमध्ये सांगू नका, आदल्या दिवशी एकट्याने भेटून सांगा. "मालक, तुम्ही आधी बोललात की बाकीचे तुमच्याच मागे जातात, अडचण कळत नाही" एवढं पुरतं. मग जॉबरपासून सुरुवात करा, कारण माग शेवटी तोच चालवून दाखवणार आहे. त्याला "काही बोलायचंय का?" असं मोघम विचारलं तर तो "नाही" म्हणेल. "कारागिराला मागाच्या मागच्या बाजूला जायला जागा पुरते का?" असं नेमकं विचारा.

अजेंडा शनिवारी ग्रुपवर टाका. विषय नको, प्रश्न टाका. 'आर्द्रता यंत्रणा' असं लिहिलं की अर्धा तास गप्पा होतात. 'आर्द्रता यंत्रणेची ऑर्डर या आठवड्यात द्यायची का, आणि दोनपैकी कुणाला?' असं लिहिलं की कोटेशन घेऊन माणूस येतो. मीटिंग दोन तासांऐवजी 45 मिनिटांची ठेवा. तेवढ्यात असे तीन प्रश्न बसतात, चौथा कोंबू नका. कुठलं काम कुठवर आलं हे रविवारी ज्याने त्याने ग्रुपवर एका ओळीत लिहावं. मीटिंगमध्ये फक्त अडलेली कामं घ्यायची. पाळी बदलायच्या वेळेला मीटिंग लावू नका, जॉबर अर्धा बाहेरच असतो.

वाद पेटला तर, म्हणजे सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलचा पेटणारच, "उशीर का झाला?" विचारू नका. त्याने फक्त मागचं उकरलं जातं. "पुढचं काम सुरू करायला तुम्हाला त्यांच्याकडून नेमकं काय हवं?" हे विचारा. पाच मिनिटांत मिटलं नाही तर दोघांना त्याच दिवशीची वेळ ठरवून द्या आणि पुढे चला. निघालेला भलता विषय फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहा. लिहिलेला दिसला की माणूस तो पुन्हा काढत नाही. तुमचं स्वतःचं मत असेल तर "आता मी मीटिंग चालवणारा म्हणून नाही, खरेदीच्या बाजूने बोलतोय" असं आधी सांगा, नाहीतर मीटिंग चालवणाराच पक्षकार झाला असं वाटतं. टिपणं दुसऱ्याला घ्यायला लावा.

मशीन पुरवठादाराचा माणूस फोनवर असेल तर त्याचा प्रश्न पहिला घ्या आणि त्याला मोकळं करा. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करा म्हणण्यात अर्थ नाही, तेव्हा फोन पंख्याच्या झोतातून बाजूला ठेवा आणि प्रत्येक निर्णय तुम्ही मोठ्याने परत म्हणा.

तारखा देताना कॅलेंडर समोर हवं. संक्रांतीच्या आगेमागे गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वजांच्या मिरवणुका, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव. त्या दिवसांत माणसं मिळतील असं गृहीत धरून शेवटची तारीख लावलीत तर ती कागदावरच राहील.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. तक्ता मोठ्याने वाचा, ज्याचं नाव त्याने आपली ओळ स्वतः वाचायची, मग फळ्याचा फोटो तिथूनच ग्रुपवर टाका. संध्याकाळी सवडीने टाकू म्हटलं की शब्द बदलतात. आणि शनिवारच्या अजेंड्यात ठरवण्यासारखा एकही प्रश्न आला नाही, तर सोमवारची मीटिंग बिनधास्त रद्द करा. फक्त रविवारच्या एका ओळीच्या नोंदी चुकवू देऊ नका.