पोलीस भरतीच्या सरावाला बुटाची टाच किती उंच हवी?
१६०० मीटरच्या सरावात गुडघा दुखतोय म्हणून सपाट टाचेचे बूट घेऊ का, असं विचारलंय. एकदम घेऊ नका.

टाचेखालच्या सोलच्या जाडीतून चवड्याखालची जाडी वजा केली की ‘ड्रॉप’ मिळतो. टाचेखाली ३० मिमी, चवड्याखाली २० मिमी, तर ड्रॉप १०. म्हणजे जाड सोलच्या बुटाचाही ड्रॉप शून्य असू शकतो. दुकानात यात हमखास गल्लत होते, तेव्हा आकडा विचारूनच घ्या.

ड्रॉप ८ ते १२ मिमी असला की पोटरी आणि टाचेमागच्या शिरेला आराम मिळतो, गुडघ्यावर भार जरा वाढतो. ० ते ४ मिमीमध्ये उलटं. तुमच्या गुडघ्याला कमी ड्रॉप मानवेलही, पण घाई केली तर पोटऱ्या आखडतात, सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेमागे कळ येते. आधी १० वरून ६ वर या: आठवड्यातून दोनदा, १० मिनिटं, बाकीचं धावणं जुन्याच बुटात. असे ६ ते ८ आठवडे. कळ आली की थांबा.

आपल्याकडे काळ्या मातीचं मैदान दिवाळीनंतर भेगाळतं. तिथे फार उंच, मऊ सोल नकोच, घोटा मुरगळतो.