शिल्पकला शिकल्याने दुःख हलकं होतं का? मुंबईत कुठे शिकता येईल?

तुमचे वडील गेले, मन कशात लागत नाही, कुणीतरी मातीकाम सुचवलं आणि त्याने खरंच बरं वाटतं का, असं तुम्ही विचारताय. वाटतं. फक्त ‘मनात येईल ते करा, चुकीचं काही नसतंच’ असं सांगणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. तिथे पैसे जातात आणि आपण होतो तिथेच राहतो.

आई गेली तेव्हा धाकट्या बहिणीने मला वांद्र्याला रविवारच्या एका शिबिराला नेलं. मेणबत्त्या, बासरी, डोळे मिटायचे आणि हातात मातीचा गोळा. मॅडम म्हणाल्या, तुमचं दुःख या मातीला देऊन टाका. मी गोळा थापला, नाकासारखं काहीतरी काढलं. मॅडम आल्या, ‘वा, किती प्रामाणिक!’ शेजारच्या बाईंनी चक्क वाटी केली होती, तीही प्रामाणिकच निघाली. बहीण मनसोक्त रडली, तिला फार हलकं वाटलं. मला मात्र बालवाडीतल्या मुलीला शाबासकी मिळावी तसं वाटलं, आणि डोकं फिरलं. तो गोळा बहिणीने शोकेसमध्ये ठेवलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, ताईने आईसाठी केलंय. मी काहीही केलेलं नाही.

आमच्या मागच्या गल्लीत गणपतीचा कारखाना आहे, शाडूचा. तिथल्या काकांना मी लहानपणापासून ओळखते. ऑफिसातून येताना त्यांच्याकडे जरा टेकायला लागले. त्यांनी काही विचारलं नाही. विचारायचं काय, आईला पोचवायला तेही होतेच. एका संध्याकाळी त्यांनी पुढ्यात माती टाकली आणि म्हणाले, ‘बसलीच आहेस तर हात काढ. गणपतीचा नको, माणसाचा. डावा, तळवा वर.’

मी काढला. काकांनी बघितला आणि कोरणीने चारही बोटं उडवली. ‘बोटं काय एका रेषेत निघतात होय गं? स्वतःचा हात बघ ना जरा.’

बघितला. बोटांची मुळं कमानीत असतात, मधलं पुढे, करंगळी पार मागे. अंगठा इतर बोटांच्या रांगेत नसतोच, तो कुशीवर वळलेला असतो. आणि असं निरखताना कळलं, हा तर आईचा हात. तर्जनीचं शेवटचं पेर किंचित आत कललेलं, अंगठ्याचं नख रुंद नि बुटकं, सगळं तेच. फक्त आईच्या अंगठ्यावर विळीने भाजी चिरून चिरून काळ्या पडलेल्या बारीक रेघा होत्या, त्या माझ्या हातावर नाहीत. मी त्या मातीत ओढायला घेतल्या. काका म्हणाले, ‘रेघा मागाहून. आधी मनगट बसव, मनगट चुकलंय.’

त्या ‘चुकलंय’ने मला जेवढं बरं वाटलं तेवढं सांत्वनाला आलेल्या एकाही माणसाच्या बोलण्याने वाटलं नव्हतं. आईचा हात बरोबर यायला हवा असं माझ्याखेरीज आणखी कुणाला तरी वाटत होतं.

हे बहिणीला पटत नाही. तिचं म्हणणं, दुःखात कसली आलीये शिस्त. मी तिला केथे कोलवित्सचं उदाहरण दिलं. या जर्मन शिल्पकर्तीचा धाकटा मुलगा पेटर 1914 च्या ऑक्टोबरात बेल्जियममध्ये लढाईत गेला. त्याच वर्षी तिने त्याचं स्मारक करायला घेतलं. आधीच्या कल्पनेत मुलगा आडवा पडलेला होता. जमेना, 1919 मध्ये काम सोडलं, काही वर्षांनी पुन्हा हातात घेतलं. शेवटी 1932 मध्ये तिथल्या लष्करी दफनभूमीत बसवलं ते गुडघे टेकलेल्या आईबापांचं शिल्प. चेहरे तिचा आणि नवऱ्याचा, मुलगा त्यात नाहीच. बहीण म्हणाली, ‘ती एवढी मोठी कलाकार, आपण कुठे?’ अगं, एवढ्या मोठ्या कलाकाराला अठरा वर्षं लागली, तर आपलं एका रविवारी दुपारी कसं होईल?

म्हणून तुम्हालाही सांगते, वडिलांचा चेहरा आत्ताच करायला घेऊ नका. एका फोटोवरून तर नकोच, मागचं डोकं आणि कान कुठून आणणार? शिवाय काका-मामा येऊन ‘दादांसारखं नाही वाटत’ म्हणून जातात. त्यांचा हात करा, चप्पल करा.

कुठे शिकायचं? जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा पूर्णवेळ अभ्यासक्रम नोकरी सांभाळून होणार नाही. शाडूच्या कारखान्यात विचारा, पण गणपती झाल्यावर; हंगामात गेलात तर हाकलतील आणि बरोबरच करतील. फीचं मला विचारू नका, मी काकांना फक्त दिवाळीचा फराळ देते. काम भाजायचं असेल तर शाडू नको, धारावीच्या कुंभारवाड्यात माती आणि भट्टी दोन्हींची चौकशी करा. जाड भाग आतून पोकळ करा, पुरतं वाळू द्या. ओल राहिली तर तिची वाफ होते आणि काम भट्टीत फुटतं. शाडूच्या बोटांत तार घालायचा मोह होईल. माती सुकताना आकसते, तार आकसत नाही, मग तडे जातात. काम अर्धवट सोडून उठताना ओला फडका, त्यावर प्लास्टिक.

जमलं तर अलिबागजवळ सासवण्याला जाऊन या. गेटवेहून मांडव्याची बोट, पुढे रिक्षा. पावसाळ्यात या बोटी बंद असतात. तिथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं घर आणि संग्रहालय आहे. पुण्यातला 1928 चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच, पण इथे बघायची ती सिमेंटमधली गावची साधी माणसं.

हो, एक राहिलं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर आधी डॉक्टर, माती नंतर. टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि बहिणीला त्या शिबिरात बरं वाटलं हेही खरंच आहे, ती अजून जाते. तुमचा स्वभाव तिच्यासारखा असेल तर माझं वरचं सगळं सोडून द्या.

घरी करणार असाल तर मातीचं पाणी मोरीत ओतू नका. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी काढा, खालचा गाळ पुन्हा वापरा. मोरी तुंबली की खालच्या मजल्यावरचे तुमचं दुःख विचारत बसत नाहीत.