साइटवर खिशात कोणता चाकू ठेवू?

प्रश्न: मी फॉल्स सीलिंगच्या कामावर हेल्पर आहे. जिप्सम बोर्ड, सिमेंटची पोती, पॅकिंगच्या पट्ट्या, दिवसभर काही ना काही कापायचं असतंच. मित्र म्हणतो फोल्डिंग चाकू घे, दुकानदार कटर दाखवतो. बजेट तीनशेच्या आत आहे, काय घेऊ?

उत्तर: कटरच घ्या, आणि तो १८ मिमी ब्लेडचा. ९ मिमीवाला कागदासाठी ठीक आहे पण बोर्डावर जोर दिला की वाकतो. कटरचं हे खाचा असलेलं, टोकाचा तुकडा मोडला की नवी धार देणारं ब्लेड १९५६ मध्ये जपानमध्ये निघालं आणि आपल्या कामाला अगदी फिट आहे, कारण जिप्सम कुठलीही धार लगेच खातं, चाकू असता तर रोज घासत बसावं लागलं असतं, इथे बोथट झालं की एक तुकडा मोडला की झालं. मोडायचं मात्र पकडीने, तोंडापासून लांब, आणि तुकडे रिकाम्या बाटलीत, नाहीतर कुणाच्यातरी चपलेत घुसणार.

बॉडी धातूची आणि लॉक फिरकीचं, म्हणजे फिरवून घट्ट करायचं, बघा. स्वस्त प्लॅस्टिकवाल्यात जोर दिला की ब्लेड मागे सरकतं. बोर्ड आरपार कापू नका हां, पट्टी लावून वरचा कागद कापा, बोर्ड मोडा, मग मागचा कागद कापा. ब्लेड लागेल तेवढंच बाहेर.

फोल्डिंग चाकू लॉक नसलेला असेल तर राहू द्या, तो बोटांवर मिटतो. उरलेल्या पैशात ब्लेडचं पाकीट घ्या.