ईव्ही वाढल्या तर पॉवर स्टिअरिंगच्या होजचं (दाबाचं तेल नेणाऱ्या रबरी नळ्यांचं) काम बंद पडेल का? चाकणला छोटं युनिट आहे.

कारच्या हायड्रॉलिक होजचं काम संपत आलंय असंच धरून चाला. बस-ट्रकचं मात्र अजून चालेल. हायड्रॉलिक स्टिअरिंगचा पंप सहसा इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. ईव्हीत इंजिनच नाही, त्यामुळे कारमधून पंप, पुली, तेलाची टाकी आणि प्रेशर होज जातात. त्या जागी मोटर, टॉर्क सेन्सर (स्टिअरिंगवरचा जोर मोजणारा) आणि कंट्रोलर येतात. रॅक, पिनियन, टाय रॉड, बॉल जॉइंट हे चाकं वळवणारे भाग राहतात, उलट त्यांची परीक्षा कडक होते. बॅटरीमुळे त्याच आकाराची गाडी बरीच जड होते, म्हणून जागेवर चाक वळवताना रॅकवर जास्त जोर येतो. शिवाय इंजिनाचा आवाज नाही. रॅकमागच्या यॉकची (रॅकला पिनियनवर दाबून धरणाऱ्या तुकड्याची) फट मिलिमीटरच्या काही शतांशांनी जरी वाढली, तरी खडबडीत रस्त्यावर 'टक-टक' थेट केबिनमध्ये येते. पेट्रोल गाडीत ती दबून जायची.

होजवाल्यांना जवळचं काम म्हणजे बॅटरी कूलिंगच्या लाइन. पण त्यातल्या बऱ्याच नायलॉनच्या, क्विक कनेक्टरवाल्या असतात, होजच्या टोकाला फिटिंग दाबून बसवणारं क्रिंपिंग मशीन फारसं उपयोगी पडणार नाही. दाबही अगदी कमी. माल नापास होतो तो गळती आणि आतल्या कचऱ्यावरून.

एक मात्र आहे, सगळं ईव्हीमुळे घडलेलं नाही. छोट्या पेट्रोल गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंग कधीच आलंय. आणि बऱ्याच ई-बसमध्ये स्टिअरिंग अजून हायड्रॉलिकच आहे, फक्त पंप वेगळ्या मोटरवर फिरतो. तिथे प्रेशर होज लागतेच, आधी तिकडे चौकशी करा.