फिजिक्सची पदवी आहे, आता सर्व्हेइंगकडे वळता येईल का?

प्रश्न: मी पुण्यातून फिजिक्समध्ये बीएस्सी केलंय. लग्नानंतर इंग्लंडला आले, मिस्टरांच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट आहे. रेडिंगजवळ एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात ड्रॉइंग्ज आणि कागदपत्रं सांभाळते. साइटवर जमिनीची आणि बांधकामाची मापं घेणाऱ्या सर्व्हेयर लोकांचं काम बघून आपणही हे शिकावं असं फार वाटतं. जिओस्पेशियल इंजिनिअरिंगचा (जमिनीची मापं आणि नकाशे यांचं शास्त्र) पार्ट टाइम कन्व्हर्जन एमएस्सी असतो असं कळलं. पण सिव्हिलचं शिक्षण नाही आणि मुलगी लहान आहे. झेपेल का?
– एक वाचक, रेडिंग

उत्तर: ताई, अभ्यास नक्की झेपेल. कन्व्हर्जन कोर्स असतोच दुसऱ्या विषयातून आलेल्यांसाठी आणि फिजिक्सवाल्यांना तर यात अर्धी वाट ओळखीची असते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक रीडिंगपुढे प्लस-मायनस लिहायचात ना, इथे सगळा धंदाच त्यावर चालतो. कुठलंही माप शंभर टक्के बरोबर नसतं, मग चूक किती आणि ती कुठून आली हे शोधायचं, लीस्ट स्क्वेअर्स या गणिती पद्धतीने ती सगळ्या मापांत वाटून टाकायची. मॅट्रिक्स आणि ट्रिगनॉमेट्री मात्र आत्तापासून घासून ठेवा, पहिल्या टर्मला लोक तिथेच अडकतात.

एक उदाहरण देतो, तुमच्या साइटवरही हे रोज घडत असणार. ब्रिटनचा नॅशनल ग्रिड, म्हणजे नकाशांसाठीची चौकटीची जाळी, २ अंश पश्चिम रेखावृत्तावर बसवलाय आणि त्या रेषेवर स्केल फॅक्टर (जमिनीवरच्या अंतराला ज्याने गुणलं की ग्रिडवरचं अंतर येतं तो आकडा) साधारण ०.९९९६ आहे, म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर मोजलं की ग्रिडवर ते जवळपास ४० सेंटिमीटर कमी भरतं, रेडिंगला थोडं कमी पण फरक आहेच. आता डिझाइन ग्रिडवर केलं आणि पुलाचे गर्डर कारखान्यात खऱ्या मापाने कापून आले आणि हा फरक धरलाय का हे मध्ये कुणी विचारलंच नाही, तर काय होईल बघा. उंचीचंही तसंच, इथली सगळी उंची कॉर्नवॉलमधल्या न्यूलिनला १९१५ ते १९२१ मध्ये मोजलेल्या सरासरी समुद्रपातळीवरून धरतात आणि जीपीएस देतं ती उंची वेगळीच असते. ही भानगड नीट समजलेला माणूस साइटवर सोन्यासारखा, कारण टोटल स्टेशनची (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राची) बटणं दाबायला तर कुणीही शिकतं.

पार्ट टाइम म्हणजे संध्याकाळचे क्लास असं मात्र धरून चालू नका. १८० क्रेडिटचा एमएस्सी एका वर्षाऐवजी बहुतेक दोन वर्षांत करायचा, पण बऱ्याच ठिकाणी लेक्चर दिवसाच असतात, फुल टाइम मुलांसोबत. शिवाय फील्डवर्कचे दिवस घरून होत नाहीत, मुलीला तेव्हा कोण बघणार ते आधी ठरवा. मॅनेजरशी आत्ताच बोला, सुट्टी देतील का एवढंच नाही, सर्व्हे टीममध्ये घेतील का तेही विचारा. पार्ट टाइमचा खरा फायदा मला यातच दिसतो, मंगळवारी शिकलेलं बुधवारी साइटवर वापरता येतं. नुसतं ऑफिसात बसून डिग्री केलीत तर हातात इन्स्ट्रुमेंट यायला परत वेळ जाईल.

फीचं प्रकरण सगळ्यात जपून. डिपेंडंट व्हिसावर असाल आणि सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायम राहण्याचा हक्क, नसेल तर युनिव्हर्सिटी सहसा ओव्हरसीज फी लावते आणि ती इथल्या लोकांच्या होम फीपेक्षा खूप जास्त असू शकते. हे कोर्स सुरू होतानाच्या स्थितीवर ठरतं, त्यामुळे आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) जवळ आलं असेल तर थोडं थांबा, पैसे वाचतील. कोर्सला आरआयसीएस किंवा सीआयसीईएस या सर्व्हेयरांच्या व्यावसायिक संस्थांची मान्यता आहे का हे त्या संस्थांच्या यादीत स्वतः बघा, आणि पार्ट टाइमलाही ती लागू आहे का हे युनिव्हर्सिटीकडून ईमेलवर लेखी घ्या. पुढे चार्टर्ड, म्हणजे या संस्थांचे अधिकृत सर्व्हेयर, व्हायचं तर याने वाट सोपी होते.

प्रश्न: मी नाशिकला सिव्हिल इंजिनिअर आहे. असा पार्ट टाइम कोर्स करायला ब्रिटनला येऊन सोबत नोकरी करता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. पार्ट टाइम शिक्षणासाठीच्या स्टुडंट व्हिसावर काम करायची परवानगीच नसते, एजंट काहीही सांगो. यायचं तर फुल टाइम या. पण त्याआधी आपल्याकडचं बघा ना, आयआयटी मुंबईच्या सीएसआरई या केंद्रामध्ये यातलं एमटेक आहे, पुण्यात सिम्बायोसिसचं जिओइन्फर्मेटिक्स आहे, आणि डेहराडूनची इस्रोची आयआयआरएस ही संस्था ऑनलाइन कोर्स फुकट घेते. २०२१ ला केंद्राने नकाशांचे नियम मोकळे केल्यापासून भारतीय कंपन्यांना या कामासाठी आधीसारख्या परवानग्या काढत बसावं लागत नाही. नकाशे बनवायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच डाउनलोड करा आणि आपल्याच तालुक्याचा एखादा नकाशा बनवून बघा, महिनाभर मन रमलं तर मग लाखांच्या फीचा विचार करा.